हिरवी कॅसेट, नेकनूरच्या वेगानं

नेकनूरला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "तिथं काय आहे?" आता काय सांगणार, कपाळ? थंड हवा नाही, किल्ला नाही, फोटो काढून भिंतीवर लावावा असा देखावा नाही. मी गेलो होतो एक कॅसेट परत आणायला, आणि जमलं तर एक माणूस. त्या प्रवासात माझ्या दाढेतलं सिमेंट गेलं आणि बरोबर नेलेला शहाणपणाही बराच सांडला. ज्यांचं त्या बाजूला कधी जाणं होणार नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

आधी कॅसेटचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझा मावसभाऊ मालवाहू बोटीवर असतो. गेल्या वर्षी तो दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून आला आणि त्यानं सेंटच्या बाटलीऐवजी माझ्या हातात ही कॅसेट ठेवली. वर हिरवंगार जंगल आणि त्यात उभे पाच केसाळ बाप्ये. नाव त्यांच्या भाषेत, ते आमच्यापैकी कोणालाच धड वाचता येईना, म्हणून ती झाली 'हिरवी कॅसेट'. संगीताचा प्रकार पॉवर मेटल. ज्यांनी हा ऐकलेला नाही त्यांना थोडक्यात सांगायचं तर गिटारी करवतीसारख्या, ड्रम घोडे उधळल्यासारखे, आणि गाणारा इतक्या वरच्या पट्टीत की शेजारी येऊन दार वाजवतात. पण या पठ्ठ्यांनी त्यात आपल्या डोंगरातलं लोकसंगीत कालवलं होतं. बांबूच्या बासऱ्या, हातभर लांबीचं दहा तारांचं वाद्य, बकऱ्यांच्या खुरांचा खुळखुळा आणि कातड्याचा एक मोठा ढोल. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं त्या ढोलानं सुरू होतं, वर बासऱ्या येतात, आणि मग सगळ्या गिटारी एकदम तुटून पडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जेवत होतो. भात गार झाला तरी मी तसाच बसलेला.

मी दिवसा सहकारी बँकेत कारकून आणि संध्याकाळी बेस गिटार वाजवणारा. वय चौतीस. बायको सुनंदा म्हणते, "या वयात लोक फ्लॅट बघतात." आमचा बँड चौघांचा: माधव गातो, पिंट्या गिटार वाजवतो, मी बेसवर, आणि ड्रमवर वैजनाथ. वैजनाथ नेकनूरचा, पुण्यात एका कारखान्यात नोकरीला. खोलीवर एकटा असायचा, म्हणून चार वर्षं रोज रात्रीचं जेवण आमच्याकडे. एका कॉलेजच्या सभागृहात बँडची स्पर्धा जाहीर झाली आणि आम्ही हिरव्या कॅसेटमधलं ते तिसरं गाणं घ्यायचं ठरवलं.

आता माझी एक खोड सांगायला हवी. माझ्या खिशात स्टॉपवॉच असतं. हसू नका. ताल म्हणजे ताल, त्यात 'साधारण' असं काही नसतं, हे माझं मत. ते गाणं पाच मिनिटं वीस सेकंदांचं. वैजनाथचा हात गोड, पण गाणं संपेपर्यंत तो दहा-बारा सेकंद मागे. "वैज्या, मागे पडतोयस," असं मी प्रत्येक तालमीत म्हणायचो, घड्याळ त्याच्या नाकासमोर धरून. तो मान खाली घालून म्हणायचा, "पुन्हा घेऊ."

दिवाळीला तो गावी गेला तो आलाच नाही. पत्र आलं, "आण्णांचा गुडघा धरलाय. दुकानावर बसावं लागतंय." हिरवी कॅसेट त्याच्याच पिशवीत गेलेली. स्पर्धा दोन आठवड्यांवर आलेली, दुसरा ड्रमर मिळेना आणि कॅसेट तर जगात आमच्यापुरती एकच. मी रजा टाकली आणि निघालो.

कडा

पुणे ते नगर या प्रवासाबद्दल काही सांगण्यासारखं नाही. नगरहून जामखेडची गाडी पकडली आणि ती वाटेत कडा नावाच्या गावाला पंक्चर झाली. ड्रायव्हर खाली उतरला, चाकाला एक लाथ घातली, आणि चहाला गेला. चाक बदलायचं त्याच्या मनात येईपर्यंत पाऊण तास.

हंगाम सुरू झालेला. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या एकामागोमाग एक, आणि हवेला काकवीचा वास. पुण्यात उसाचा रस मिळतो तो बर्फ, आलं, लिंबू घालून. इथं एका म्हाताऱ्या सहप्रवाशानं चालत्या ट्रॉलीतून सरळ एक कांडं उपसलं, गुडघ्यावर मोडलं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.

"घ्या, पाव्हणं."

"अहो, कोणाचा तरी ऊस आहे तो."

"कारखान्याला काय एका कांड्यानं कमी पडतंय व्हय? खावा गुमान."

मी खाल्लं. काय गोडी! आणि तिसऱ्या चाव्याला कट्‌ असा आवाज होऊन माझ्या उजव्या दाढेतलं सिमेंट निघून हातात आलं. म्हातारा ते निरखून म्हणाला, "खडा हाय. टाका." टाकला. त्यानंतरचे सगळे दिवस मी डाव्या बाजूनं जेवलो.

नेकनूर, पहिला दिवस

जामखेडला गाडी बदलली, मांजरसुंब्याला उतरून काळीपिवळी जीप धरली. आत चौदा माणसं, एक शेळी आणि मी. जीपमध्ये टेप चालू होता. गाणं ओळखीचं होतं, चालही तीच होती, पण काहीतरी वेगळं वाटत होतं. गाणारी बाई जरा घसा बसल्यासारखी आणि निवांत गात होती. वाटलं, जीपवाल्याच्या बॅटरीचा दोष असेल.

वैजनाथच्या वडिलांचं कापडाचं दुकान बाजारपेठेतच. मी पोचलो तेव्हा आण्णा शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर एका पायावर उभे राहून फळीवरचं ठाण ओढत होते. कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला पांढरी टोपी, वय पासष्टच्या पुढे. ठाण काखेत मारून ते माकडासारखे सरसर खाली आले.

"तुमी पुण्याचे अविनाश का? वैजू लई सांगतो तुमचं. बसा, बसा. वैजू पठाणाच्या शेताकडं गेलता, येईल इतक्यात."

मी त्यांच्या पायाकडे बघत विचारलं, "आण्णा, गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय? कावून इचारता?"

मी म्हटलं, सहज. गुडघा ठणठणीत, म्हणजे वैजनाथ गुडघ्यासाठी आलेला नव्हता. मग कशासाठी? वैजनाथ आला तेव्हा मला बघून आधी त्याचा चेहरा फुलला आणि मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे त्याची नजर गेली. खिशात स्टॉपवॉच होतं. त्याचं हसू जरा मावळलं.

जेवायला येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ, ते उकळत्या पाण्यात कालवून आमटी करतात. आमच्याकडे आमटीत गूळ टाकतात असं मी सांगितलं तेव्हा वैजनाथच्या आईनं, माईंनी, माझ्याकडे करुणेनं बघितलं. "गोड आमटी? मग पुरणपोळीला काय तिखट घालता का, बाबा?" मी आणखी एक वाटी घेतली. डाव्या बाजूनं.

दिवेलागणीला दुकान बंद करायच्या आधी वैजनाथनं फळीवरून टेप काढला, हिरवी कॅसेट घातली आणि कापडाची चार ठाणं समोर मांडली. एक जाड मांजरपाटाचं, एक लुगड्यांचं, दोन शर्टिंगची. हेच त्याचे ड्रम. तेवढ्यात हलगी घेऊन एक साठीचे गृहस्थ आले. हे गंगाराममामा, पंचक्रोशीतले हलगीचे उस्ताद. ते सरळ टेपाजवळ मांडी घालून बसले.

तिसरं गाणं लागलं. तो परदेशी ढोल सुरू झाला तसं मामांनी मला डोळ्यानं खुणावलं. "ऐकताव का? ही आमचीच हलगी हाय. जरा भिजल्याली. कुटं तरी पावसात नेली आसंल त्यांनी." आणि त्यांनी हलगी उचलली.

काय वाजवलं दोघांनी! ढोल कुठं संपतो आणि हलगी कुठं सुरू होते ते कळेना. वैजनाथ एकदाही, अगदी एकदाही मागे पडला नाही. मला इतका आनंद झाला की मी उठून त्याला मिठीच मारणार होतो. पण खोड म्हणजे खोड, हात आधी खिशाकडे गेला. घड्याळ बघितलं तर गाणं संपलं होतं पाच मिनिटं एकोणसाठ सेकंदांना.

"वैज्या, हा टेप हळू चालतोय!"

"चालू दे."

"अरे, चालू दे काय? एकोणचाळीस सेकंद! याच्यावर तालीम केलीस तर पुण्यात आपली फजिती होईल. तू येणार आहेस ना?"

वैजनाथनं ठाणं एकावर एक रचली. मग म्हणाला, "अव्या, आण्णांचा गुडघा चांगला हाय हे कळलं ना तुला? मग ऐक. पुण्यात चार वर्षं तू मला एकच सांगितलंस, मागं पडतोस. मला झोपंत बी ते घड्याळ दिसायचं. हितं मी मागं पडत न्हाई. बस, एवढंच हाय."

गंगाराममामा हलगीच्या कडेवरची धूळ पुसत होते. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण डोकं पुणेरी. मी मनात म्हटलं, दोष याचाही नाही आणि माझाही नाही, दोष टेपाचा आहे. टेप दुरुस्त केला की सगळं ठीक होईल.

नेकनूर, दुसरा दिवस

सकाळी चहाला हॉटेलात गेलो तर तिथला टेप हळू. दाढी करायला सलूनमध्ये बसलो तर तिथलाही हळू. पिठाच्या गिरणीतला तर चक्कीच्या आवाजातही हळू असल्याचं कळत होतं. सगळ्या गावात नायिका बसक्या आवाजाच्या आणि नायक जेवून उठल्यासारखे. मी सलूनवाल्याला विचारलं, "टेप कोण दुरुस्त करतं?"

"रहीमचाचा. दुसरं हाय कोण? पार नांदूरघाटापातूर मशिनी त्येंच्याकडंच येत्यात."

रहीमचाचांचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचा पुढचा खण. मागे पडदा आणि पडद्यामागे घर. टेबलावर उघडलेले सात-आठ टेप, आणि त्यांच्यामध्ये डोळ्याला भिंग लावलेले चाचा. वैजनाथ आपला टेप काखेत मारून माझ्याबरोबर आला होता, मला सारखा दंडाला धरून मागे ओढत. "आरं, चाचांना काय बोलू नको बे, लई मानी मानूस हाय." पण मी ऐकतो का? मी माझा वॉकमन काढला, त्यात हिरवी कॅसेट घातली आणि चाचांच्या कानाला लावली.

चाचांनी शांतपणे ऐकलं. "ये भागरी, लई पळतीया," ते म्हणाले. "तुमची मशीन खराब हाय, साहेब."

"चाचा, माझी नवीन आहे. तुमच्या सगळ्या हळू चालतात."

"गावात पन्नास मशीन. पन्नास खराब आन्‌ तुमची एक चांगली?" दुकानासमोर जमलेल्या चार जणांना हे एकदम पटलं.

"हॉटेलात वाजतात तीच गाणी टीव्हीवर लागतात, ती ऐका. ती जोरात असतात की नाही?"

"हौ, रहती ना!" चाचा हसले. "टीवीवाल्याला टाइम किदर हाय? आता साबन, कोला, शांपू, सगळ्यांच्या जाहिराती दाखवनं पडता. म्हनून गाना भगाते."

लोक हसले, वैजनाथही हसला. मी चिडलो. मी खिशातून घड्याळ काढून मेजावर आपटलं आणि म्हटलं, हे गाणं पाच मिनिटं वीस सेकंदांचं आहे, तसं त्या कॅसेटवर छापलेलंच आहे, आकडे तर सगळ्या जगात तेच असतात ना? चाचांनी भिंग काढून छापलेले आकडे वाचले, परत वाचले. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी वैजनाथच्या टेपाचं मागचं झाकण उघडलं, मोटरच्या पाठीवर एक बारीक भोक दाखवलं आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"अंदर स्क्रू हाय. तुमीच फिरवा."

मी फिरवला. तीन-चारदा घड्याळ लावून गाणं बरोबर पाच वीसवर आणलं. ढोल पळायला लागला, बासऱ्या किरट्या झाल्या, घोडे उधळले. अगदी पुण्यासारखं. मी विजयी मुद्रेनं वैजनाथकडे बघितलं, तर तो रस्त्याकडे बघत होता.

"ठीक," चाचा म्हणाले. "आता आमची टेस्ट. हर मशीन हिच्यावरच लावतो मी." त्यांनी पत्र्याच्या डब्यातून, फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट काढली. त्यांचे थोरले भाऊ करीम सात वर्षांपूर्वी सौदीला गेले. तिथं गेल्यावर पहिल्या ईदला त्यांनी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवली होती. चाचांनी ती घातली.

"अस्सलाम आलेकुम अम्मी..." एक पातळ, घाईघाईचा आवाज आला.

पडद्यामागून लगेच एका म्हातारीचा आवाज आला, "ये कौन बोलरा रे, रहीम?"

चाचांनी माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर हळूच काढून घेतला, भोकात घातला आणि डोळे मिटून, घड्याळ-बिड्याळ न बघता, थोडा डावीकडे फिरवला. आवाज खाली आला, भरला, सावकाश झाला. "अम्मी, तबियत कैसी है, मेरी फिकर नक्को करो, इदर सब अच्छा है."

"हौ," पडद्यामागून समाधानाचा उद्गार आला, "अब बोला करीम."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. करीमभाईंनी तिकडे ज्या टेपावर आवाज भरला तोच हळू चालत असणार, सेल उतरलेले असतील. म्हणून इथं लावल्यावर तो आवाज घाईचा यायचा. रहीमचाचांनी भावाचा आवाज भावासारखा येईपर्यंत आपला स्क्रू फिरवला. आणि मग गावातला हरेक टेप त्या आवाजावर लावून दिला. सात वर्षं नेकनूर करीमभाईंच्या बोलण्याच्या वेगानं गाणी ऐकत होतं.

हे सगळं मी तिथं सांगू शकलो असतो, तोंड उघडलंही होतं. पण पडद्याकडे बघितलं आणि मिटलं. घड्याळ खिशात घातलं आणि म्हणालो, "माझीच चूक, चाचा. माझी मशीन तपासून घेतो." चाचांनी लगेच चहा मागवला, बशीत ओतून स्वतः माझ्यापुढे धरला, आणि म्हणाले, "होता हाय. नवीन चीज हाय, भरोसा नाय." वैजनाथनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पुण्यात तालीम चांगली झाली की तो असंच करायचा.

नांदूरघाट

तिसऱ्या दिवशी वैजनाथच्या चुलतभावाचं नांदूरघाटला लग्न. आण्णा, माई, आम्ही, रहीमचाचा आणि त्यांचा सगळ्यात मोठा टेप, असे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघालो. चाचांना वाजवणं भरून घ्यायचं होतं. पुण्यात लग्नाला जाताना साड्यांना इस्त्री मोडू नये म्हणून रिक्षा करतात. इथं ट्रॉलीत कडबा अंथरला होता आणि सगळ्यांच्या इस्त्र्या सारख्याच मोडल्या.

दुपारी वरात निघायच्या आधी गंगाराममामांनी उसाच्या पाचटाचा जाळ केला आणि हलगी शेकली. एकदा जाळावर, एकदा कानाजवळ, टिचकी मारून बघायची, परत जाळावर. मी म्हटलं, "मामा, किती वेळ शेकायची?"

"ती बोलंपातूर," मामा म्हणाले.

त्यांचे धाकटे भाऊ सनई घेऊन आले, दुकानातल्या टेपावर ऐकून ते गाणं त्यांनीही बसवलेलं. वैजनाथच्या गळ्यात बँडवाल्यांचा मोठा ताशा अडकवलेला. नवरदेव घोड्यावर चढला, दोन-तीन नेहमीची गाणी झाली, आणि मग ते तिसरं गाणं सुरू झालं.

आता हे कसं सांगू? सनईनं त्या बासऱ्यांची चाल उचलली. हलगीनं ढोल धरला, आणि जिथं गिटारी तुटून पडतात तिथं वैजनाथचा ताशा पडला. हळू होतं, हो, होतंच हळू. पण त्या हळूपणात पाय उचलायला आणि टेकवायला जागा होती. समुद्रापलीकडच्या कुठल्या डोंगरातलं ते गाणं, आणि नांदूरघाटच्या बायका त्यावर फुगडी घालत होत्या. आण्णांनी धोतराचा सोगा खोचला आणि तो सुप्रसिद्ध गुडघा उचलून उचलून नाचले. नवरदेवाचे मामा माझ्याजवळ येऊन ओरडले, "कोनचं गानं हाय हे?" मी म्हणालो, "दक्षिण अमेरिकेचं!" ते म्हणाले, "बरं झालं आलं!" आणि त्यांनी मला हात धरून आत ओढलं.

मी पण नाचलो. मी, जो सुनंदाच्या भावाच्या लग्नातही खुर्चीवरून उठलो नाही. संध्याकाळी शर्ट काढताना खिशातून टिकटिक ऐकू आली. गाणं सुरू झालं तेव्हा सवयीनं स्टॉपवॉच दाबलं होतं आणि बंद करायचं राहून गेलं होतं. ते अजून चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी जीपपाशी वैजनाथनं हिरवी कॅसेट परत दिली आणि तिच्याबरोबर चाचांच्या टेपावर भरलेली दुसरी एक. "येतोस का?" मी विचारलं.

"ह्या दुसऱ्या कॅसेटीत सांगितलंय. घरी जाऊन ऐक. माधवला, पिंट्याला पण ऐकव." आणि माईंनी दिलेलं येसराचं डबडं माझ्या मांडीवर ठेवून तो वळला.

परत पुणे

त्याच संध्याकाळी माधव आणि पिंट्या घरी जमले. सुनंदा आत स्वयंपाक करत होती. मी कॅसेट घरच्या डेकमध्ये घातली.

आधी बोलणं होतं. पण काय आवाज तो! चिमणीनं घाईघाईत निरोप सांगावा तसा. माधव हसून लोळायला लागला. आतून सुनंदानं विचारलं, "अहो, कोण बोलतंय हे?"

मग गाणं सुरू झालं आणि माधवचं हसू थांबलं. ढोल उधळलेले, सनई वरच्या पट्टीत, ताशा भन्नाट. पिंट्यानं माझं स्टॉपवॉच हिसकावून घेतलं. गाणं संपलं तेव्हा म्हणाला, "पाच एकवीस! अरे, हा तर मूळ कॅसेटच्या वेगानं वाजवतोय! काय केलंस तू त्याला? लगेच बोलाव!"

मी पण चाट पडलो. डोळ्यादेखत हळू वाजलेलं गाणं पुण्यात येऊन पळायला कसं लागलं? मग कळलं. चाचांचा टेप हळू चालतो, त्यामुळे त्यावर भरलेलं काहीही माझ्या डेकवर जोरात पळणार. करीमभाईंच्या आवाजाचं झालं तेच वैजनाथचं झालं होतं.

गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. दोघं खूश होते, वैजनाथ आला असता. आणि मग पहिल्याच तालमीत मी पुन्हा त्याच्या नाकासमोर घड्याळ धरलं असतं.

मी शिलाई मशीनच्या खणातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. डेकचं मागचं झाकण उघडलं. "वेडा झालास का? चार हजारांचा डेक आहे," माधव म्हणाला. कॅसेट मागे घेऊन वैजनाथचं बोलणं लावलं, मोटरच्या पाठीवरचं भोक शोधलं, आणि डोळे मिटून स्क्रू डावीकडे फिरवत गेलो. चिमणी खाली आली. आवाज जाडा झाला, आणखी जाडा झाला, आणि एका जागी एकदम ओळखीचा झाला. मी हात थांबवला.

"...अव्या, मी येतो. नोकरी बी बघतो परत. पन मी ह्याच चालीनं वाजवीन. माधवला, पिंट्याला इचार. तुमाला पटलं तर बोलवा, मामांना घेऊन येतो. न्हाई पटलं तर राग न्हाई, दोस्ती हाय तशी हाय."

"अय्या, वैजनाथ आला का?" स्वयंपाकघरातून सुनंदाचा आवाज आला. "आधी सांगायचं तरी! भात वाढवू का?"

पण तोवर गाणं सुरू झालं होतं. या वेळी नांदूरघाटचं. हलगी बोलत होती, सनई सावकाश चढत होती. पिंट्यानं स्टॉपवॉच हातात धरलं होतं, पण बटण दाबायचं विसरला. माधवनं पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, मग मान हलवायला लागला, आणि गिटारींच्या जागी ताशा पडला तेव्हा त्याचा पाय फरशीवर असा आपटला की खालच्या मजल्यावरच्यांनी दार वाजवलं.

सुनंदा हातात पळी घेऊन बाहेर आली. खोलीभर नजर फिरवली, दाराकडे बघितलं, मोकळ्या खुर्चीकडे बघितलं. "अहो, कधीची विचारतेय मी. वैजनाथचा भात टाकू की नको?"

मी माधवकडे बघितलं. त्याचा पाय अजून चालूच होता.

"टाक," मी म्हणालो. "आजचा नव्हे, त्याला बोलावणं धाडतो, रविवारपर्यंत येईल. आणि दोन माणसांचा धर, मामा पण आहेत."